फवारणी केली तरी आठ दिवसांत कीड परत? औषधानंतर ती कशी वागते ते आधी बघा

पाऊस उघडला की सोलापूर जिल्ह्यात चहूकडून एकच तक्रार यायला लागते. सांगोल्याच्या डाळिंबात थ्रिप्स (फुलकिडे), माळशिरसच्या मक्यात लष्करी अळी, अक्कलकोटच्या तुरीत शेंगा पोखरणारी अळी, मोहोळच्या कांद्यात पुन्हा थ्रिप्स आणि थंडी पडली की मंगळवेढ्याच्या ज्वारीवर मावा. पीक वेगळं, कीड वेगळी, पण वाक्य तेच: "औषध मारलं, दोन दिवस बरं वाटलं, आठव्या दिवशी जशीच्या तशी." मग तिसरी फवारणी, चौथी फवारणी, आणि दर वेळी दुकानातून नवी बाटली.

कारणं प्रत्येकाची ठरलेली असतात. कोणी म्हणतं औषध डुप्लिकेट आहे, कोणी म्हणतं कीड आता दाद देईना, कोणी सांगतं डोस वाढवा, नाहीतर सोबत दुसरं एखादं टाका. यातलं कोणतंही खरं असू शकतं. पण तुमच्या प्लॉटमध्ये नेमकं कोणतं खरं आहे, याची खूण तुमच्याच शेतात असते. फवारणीनंतर जी कीड जिवंत राहिली, ती काय करतेय? खातेय का, नुसती बसलीय का, लपलीय का, शेजारच्या झाडावर गेलीय का, अंडी घालतेय का? हे बघितल्याशिवाय पुढची टाकी भरू नका, एवढंच या लेखात सांगायचं आहे. बाकी सगळं ते कसं बघायचं याबद्दल आहे.

औषध फक्त मारत नाही

पंपातून निघालेलं औषध प्रत्येक किडीला सारखं मिळत नाही. पानाच्या वरच्या बाजूला भरपूर पडतं, खालच्या बाजूला थोडं, आणि मक्याच्या पोंग्यात (मधल्या गुंडाळलेल्या कोवळ्या पानांत), कळीच्या आत, कांद्याच्या मानेत जवळपास नाहीच. पडलेलं औषधही ऊन-पावसाने रोज कमी होत जातं. फवारणीनंतर फुटलेल्या नव्या पालवीवर तर स्पर्शजन्य औषधाचा अंशही नसतो. त्यामुळे एकाच झाडावर काही किडींना पुरती मात्रा मिळते आणि काहींना अर्धीमुर्धी.

अर्धीमुर्धी मात्रा मिळालेली कीड मरत नाही, पण पूर्वीसारखी राहतही नाही. आपण वापरतो त्यातली बहुतेक कीटकनाशकं मज्जासंस्थेवर किंवा स्नायूंवर काम करतात. खाणं, चालणं, उडणं, वासावरून जोडीदार शोधणं, अंडी कुठे घालायची ते ठरवणं हे सगळं तिथूनच चालतं. त्यामुळे औषधाचा परिणाम मेलेल्या किडींच्या संख्येत जेवढा दिसतो, त्याहून जास्त जिवंत किडींच्या वागण्यात दिसतो. कधी तो आपल्या फायद्याचा असतो, कधी नेमका उलटा.

आता तुमची तक्रार खालच्यांपैकी कशाशी जुळते ते बघा.

दुसऱ्या दिवशी अळ्या जिवंत दिसतात

लष्करी अळी, घाटेअळी, शेंगा पोखरणारी अळी यांच्याबाबत सगळ्यात जास्त गोंधळ इथे होतो, आणि सगळ्यात जास्त पैसाही इथेच वाया जातो. जुन्या औषधांनी सवय लावली आहे की संध्याकाळी मारलं की सकाळी अळी काळी पडून लोंबकळलेली दिसली पाहिजे. आजची बरीच औषधं तशी काम करत नाहीत.

क्लोरॅन्ट्रानिलिप्रोल आणि त्याच्या गटातली औषधं (गट २८; औषध किडीवर कसं काम करतं त्यावरून हे गट पाडलेले असतात) स्नायूंमधल्या कॅल्शियमचा तोल बिघडवतात. अळीचं खाणं काही तासांतच थांबतं, पण ती मरायला दोन ते चार दिवस लागू शकतात. इमामेक्टिन बेंझोएट (गट ६) खाल्लेल्या अळीचंही तसंच: खाणं लवकर बंद, जबडा आणि अंग सुस्त, मरण दोन ते चार दिवसांनी. इंडोक्साकार्ब अळीच्या पोटात गेल्यावर तिथे विषारी रूपात बदलतं आणि मग काम करतं, म्हणून त्यालाही वेळ लागतो. बीटी जिवाणूंचं औषध खाल्ल्यावर अळीच्या आतड्याचं अस्तर फुटतं. ती खायची लगेच थांबते आणि दोन-तीन दिवसांनी मरते. नोव्हाल्युरॉन, ल्युफेन्युरॉन (गट १५) यांचा तर पूर्ण वेगळा हिशेब. ही औषधं कात तयार होऊ देत नाहीत, त्यामुळे अळी पुढची कात टाकेपर्यंत ठणठणीत दिसते आणि खातेही. ती अडकते कात टाकताना. कडुनिंबातल्या अझाडिरॅक्टिनने खाण्याची इच्छा कमी होते, मादी तिथे अंडी घालायचं टाळते आणि कात टाकण्यात गडबड होते. त्याची परीक्षा मेलेल्या अळ्या मोजून घेतली तर ते नेहमीच नापास होणार.

मग अळी जिवंत आहे, पण औषध लागलंय की नाही, हे कसं ओळखायचं? विष्ठा बघा. मक्याच्या पोंग्यात लष्करी अळीची विष्ठा लाकडाच्या ओल्या भुशासारखी साचलेली असते. चालू खाणं असेल तर ती ओलसर असते, बोटाने दाबली की चिकटते, आणि पोंग्यातून नुकत्याच वर आलेल्या पानाच्या कडा ताज्या, हिरव्या फाटलेल्या दिसतात. खाणं थांबलं असेल तर तीच विष्ठा सुकून फिकट होते, चिमटीत भुगा होते, आणि वर आलेलं नवं पान अखंड निघतं. फवारणीच्या आधी दहा-बारा झाडांना रंगीत दोरा बांधून ठेवा आणि त्या झाडांच्या पोंग्यातली जुनी विष्ठा काडीने काढून टाका. मग २४ तासांनी आणि ७२ तासांनी तिथे नवी विष्ठा आली का, एवढंच बघायचं. तुरीत शेंगेवरचं छिद्र बघा: कडा ओल्या आणि हिरव्या असतील तर खाणं चालू आहे, कडा तपकिरी होऊन सुकल्या असतील तर नुकसान जुनं आहे.

अळीलाही हात लावून बघा, हातमोजा घालून. काडीने हलकं डिवचल्यावर निरोगी लष्करी अळी वळते, अंगाचं वेटोळं करते किंवा झटकन पोंग्यात सरकते. औषध लागलेली अळी हळू हलते, अंग आखडलेलं असतं, कधी पाठीवर पडली की सरळ होता येत नाही. अशी अळी दिसली तर ७२ तास थांबा. दुसऱ्याच दिवशी पुन्हा फवारणी केलीत तर मरायला टेकलेल्या अळ्यांवर पैसे खर्च होतात, आणि त्यांच्यावर जगणाऱ्या परजीवी गांधीलमाश्या फुकट मरतात.

७२ तासांनंतरही ताजी ओली विष्ठा दिसतेय, तर मग कारण शोधायचं. मक्यात पहिलं कारण बहुतेक वेळा पोंगा असतो. मोठी अळी पोंग्यात खोल बसते आणि वर विष्ठेचं बूच असतं. धुक्यासारखा फवारा पानांवर पसरतो आणि अळीपर्यंत पोचतच नाही. नोझल खाली, पोंग्याच्या तोंडावर धरूनच औषध आत गेलं पाहिजे. ही अळी भारतात २०१८ मध्ये कर्नाटकात पहिल्यांदा नोंदली गेली आणि त्याच वर्षी महाराष्ट्रात आली. तेव्हापासून आपल्याकडे तिच्यावर कितीतरी वेगवेगळी औषधं मारली गेली, पण नोझल कुठे धरायचं याकडे फार कमी लक्ष गेलं.

पडलेली कीड उठून बसते

सायपरमेथ्रिन, लॅम्डा सायहॅलोथ्रिन, डेल्टामेथ्रिन अशा पायरेथ्रॉइड गटातल्या औषधांनी (गट ३) कीड लगेच तडफडते, खाली पडते. बघणाऱ्याला समाधान वाटतं. पण पडलेली प्रत्येक कीड मेलेली नसते. मात्रा कमी पडली तर कीड आपल्या शरीरातल्या विकरांनी औषध मोडून काढते आणि काही तासांत पुन्हा चालायला लागते. डाळिंबाच्या झाडाखाली पांढरा कागद किंवा जुनं धोतर अंथरून फवारणी करा. पडलेल्या किडी एका डबीत गोळा करा, डबीच्या झाकणाला बारीक छिद्रं पाडा आणि ती सावलीत ठेवून संध्याकाळी व दुसऱ्या दिवशी सकाळी उघडून बघा. निम्म्या चालताना दिसल्या तर झाडावरही तेच झालंय असं समजा.

आपल्याकडच्या उन्हाचाही इथे संबंध आहे. पायरेथ्रॉइड औषधं साधारणपणे थंड हवेत जास्त मारक असतात आणि तापमान वाढेल तशी त्यांची मारकता बऱ्याच किडींवर कमी होते. ऑर्गॅनोफॉस्फेट औषधांचं साधारण उलट असतं. सोलापूरचा एप्रिल-मे किंवा ऑक्टोबरची दुपार धरून पायरेथ्रॉइड मारलं, तर कीड पडते आणि उठते, हा अनुभव येणारच. उन्हात थेंबही पानावर टेकायच्या आधी सुकतात. म्हणून ही फवारणी संध्याकाळी करा. तेव्हा मधमाश्या घरी गेलेल्या असतात आणि अळ्या बाहेर यायला लागलेल्या असतात, हा आणखी फायदा.

याच गटाची दुसरी खोड म्हणजे ती किडीला चिडवतात. औषध लागलेल्या पानावर कीड टिकत नाही; उड्या मारते, उडून जाते, किंवा कोवळी अळी रेशमाच्या धाग्यावर लोंबकळत खाली उतरते. कोबीवरच्या ठिपक्याच्या पतंगाची अळी असं करताना सहज दिसते. आपल्याला वाटतं प्लॉट साफ झाला. खरं म्हणजे कीड बांधावर, तणात, शेजारच्या न फवारलेल्या ओळीत जाऊन बसलेली असते आणि औषधाचा जोर ओसरला की परत येते. फवारणीनंतर प्लॉटमध्ये कीड कमी आणि बांधावरच्या तणात जास्त दिसली, तर तुमचं औषध कीड मारत नाही, हाकलतंय. त्यावर डोस वाढवणं हा उपाय नाही. बांधाचं तण आधी काढा, प्लॉटची फवारणी बाहेरच्या कडेपासून आत घेत जा, आणि शेजाऱ्याशी बोलून दोघांनी एकाच दिवशी फवारा.

थ्रिप्स पाचव्या-सहाव्या दिवशी पुन्हा

डाळिंब आणि कांदा करणाऱ्यांसाठी हा भाग महत्त्वाचा आहे. थ्रिप्सची मादी अंडी पानाच्या, कळीच्या, कोवळ्या फळाच्या सालीच्या आत घालते. त्या अंड्यांपर्यंत फवारलेलं औषध सहसा पोचत नाही. पुढे पिल्लांच्या दोन अवस्था होतात, त्या रस खातात. मग ती न खाणाऱ्या कोषावस्थेत जातात, आणि त्यातली बरीचशी जमिनीत किंवा पालापाचोळ्यात असते. तिथेही फवारा लागत नाही. गरम हवेत अंड्यापासून प्रौढापर्यंतचा हा फेरा दोन-तीन आठवड्यांत पुरा होतो.

म्हणजे तुम्ही सोमवारी अगदी उत्तम फवारणी केली आणि झाडावरची सगळी पिल्लं आणि प्रौढ मेले, तरी त्या दिवशी सालीत असलेली अंडी पुढच्या चार-सहा दिवसांत फुटणार आणि जमिनीतले कोष प्रौढ होऊन वर येणार. शनिवारी दिसलेले थ्रिप्स "परत आलेले" नसतात, ते फवारणीच्या दिवशी तिथेच होते. हे कसं ओळखायचं? फांदी पांढऱ्या कागदावर झटका आणि दहा पट मोठं दाखवणाऱ्या भिंगातून बघा. सगळी बारीक, पिवळसर, पंख नसलेली पिल्लं असतील तर ती अंड्यातून आलेली आहेत. सगळे पंखवाले प्रौढ असतील तर ते कोषातून किंवा बाहेरून आलेत. लहान, मोठे सगळे मिसळलेले आणि तेही फवारणीनंतर दुसऱ्याच दिवशी, तर फवारणी बसली नाही किंवा औषध चाललं नाही. त्या कागदावरच्या दोन मिनिटांत जेवढं कळतं तेवढं दहा दुकानांत विचारून कळत नाही.

कांद्यात थ्रिप्स पातीच्या आतल्या बेचक्यात, मानेजवळ दाटीने बसतात. कांद्याच्या पातीवर मेण असतं, पाणी घरंगळून जातं. म्हणून औषध पानावर चिकटवणारं, पसरवणारं स्टिकर-स्प्रेडर लागतंच, आणि फवारा वरून खाली मानेत गेला पाहिजे. डाळिंबात पानगळ करून पाणी सोडल्यावर नवी पालवी आणि कळी एकदम निघते, आणि थ्रिप्सला हवं ते सगळं एकाच वेळी मिळतं. बहार आंबिया असो, मृग असो की हस्त, पालवी दोन इंच झाल्यापासून फळ लिंबाएवढं होईपर्यंतचा काळ सांभाळला तर फळावर खरचटल्यासारखे डाग फार कमी पडतात. त्या काळात पिल्लं निघण्याच्या वेळेशी जुळवून, वेगवेगळ्या गटाची औषधं वापरून दोन फवारण्या कराव्यात आणि मधल्या दिवसांत कागद झटकून बघत राहावं. निळे किंवा पिवळे चिकट सापळे प्रौढ कधी येतात ते सांगतात. झाडाखालचा जुना पालापाचोळा आळ्याबाहेर काढला तर तिथे दडणारे कोषही कमी होतात.

एका किडीवर मारलं, दुसरीच वाढली

थ्रिप्ससाठी किंवा डाळिंबाचं फळ पोखरणाऱ्या सुरसा अळीसाठी सारखी पायरेथ्रॉइडं मारली आणि महिन्याभरात पानं तांबूस-तपकिरी झाली, खालून बारीक जाळी दिसली, तर ते लाल कोळी आहेत. हे किडे नव्हेत. आठ पायांचे जीव आहेत आणि बऱ्याच कीटकनाशकांना दाद देत नाहीत. औषधाने त्यांच्या वागण्यात होणारा बदल मात्र आपल्या विरोधात जातो. पायरेथ्रॉइडने चिडलेले कोळी दाटीची जागा सोडून चालत किंवा धाग्यावर लोंबकळत नव्या पानांवर पसरतात, तिथे गर्दी नसल्याने जास्त अंडी घालतात, आणि त्यांना खाणारे भक्षक कोळी त्याच औषधाने आधीच मेलेले असतात. इमिडाक्लोप्रिडसारख्या निओनिकोटिनॉइडनंतरही काही पिकांवर कोळी वाढल्याच्या आणि त्यांची अंडी वाढल्याच्या नोंदी आहेत.

अशा वाढीवर सगळ्यात जास्त काम भातावरच्या तपकिरी तुडतुड्यावर झालं. फिलिपिन्समधल्या आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेत १९७० आणि ८० च्या दशकांत दिसलं की डेल्टामेथ्रिन, मिथाइल पॅराथिऑन अशी काही औषधं मारलेल्या शेतात तुडतुडे न फवारलेल्या शेतापेक्षा जास्त झाले. भक्षक मेले हे एक कारण होतंच, पण थोडी मात्रा लागलेल्या माद्यांची पिल्लंही वाढली होती. आपल्याकडे भात फार नाही, पण डाळिंबात कोळी आणि मिलीबग (पिठ्या ढेकूण) फुगतात तेव्हा मागच्या फवारण्यांची यादी काढून बघावी. त्यात गट ३ ची, म्हणजे पायरेथ्रॉइड, औषधं ओळीने दिसली तर पुढची फवारणी कोळीनाशकाची करा आणि तो गट त्या बहारापुरता बंद करा. गंधक वापरणार असाल तर ३५ अंशांच्या वरच्या तापमानात नको, पानं आणि फळं करपतात.

मिलीबगमध्ये मुंग्याही बघायच्या. मुंग्या चिकट गोड स्रावासाठी मिलीबगची राखण करतात आणि मिलीबग खाणाऱ्या ढालकिड्यांना जवळ येऊ देत नाहीत. खोडावरची मुंग्यांची वाट तोडली नाही तर नुसत्या फवारण्यांनी मिलीबग हटत नाही.

ज्वारीचा चिकटा

मंगळवेढा, बार्शी, मोहोळ भागात रब्बी ज्वारीवर मावा आला की पानं चमकायला लागतात; चिकटा पडला असं आपण म्हणतो. हा चिकटा म्हणजे माव्याने रस पिऊन बाहेर टाकलेला गोड द्रव, म्हणजे माव्याचं खाणं चालू असल्याचा थेट पुरावा. मावा जिवंत आहे की नाही यापेक्षा नवा चिकटा पडतोय की नाही, हे बघणं जास्त उपयोगाचं आहे.

जर्मनीत १९९५ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात हिरव्या माव्याला इमिडाक्लोप्रिडची मारक नसलेली, फारच थोडी मात्रा दिली होती. मावा लगेच मेला नाही. त्याने सोंड काढून घेतली, चिकटा कमी झाला, तो पान सोडून भटकायला लागला आणि उपासाने मेला. त्यातला महत्त्वाचा भाग पुढे आहे: वेळेत बिनऔषधाच्या पानावर आणून ठेवलेला मावा पुन्हा रस प्यायला लागला. शेतात याचा अर्थ असा की न फवारलेला पट्टा, तण किंवा नवी पालवी जवळ असेल तर भटकणारा मावा तिथे जाऊन सावरतो. आणि काही जातींच्या माव्यावर असंही दिसलंय की फार कमी मात्रेला पिल्लांची संख्या उलट वाढते. म्हणून "थोडं थोडं मारत राहू" हा विचार माव्यावर महाग पडतो. मारायचं तर लेबलवरची पूर्ण मात्रा, नाहीतर मारायचं नाही. मावा खाणाऱ्या ढालकिड्याच्या अळ्या आणि क्रायसोपा भरपूर दिसत असतील तर न मारणं हाही निर्णयच आहे.

फ्लोनिकामिड, पायमेट्रोझिन ही औषधं तर रस पिणंच बंद करण्यासाठी आहेत. कीड दोन-तीन दिवस पानावर जिवंत बसलेली दिसते. त्यांची परीक्षा एका चकचकीत कागदावर घ्या: तो पानाखाली बांधा आणि दुसऱ्या दिवशी नवे चमकणारे थेंब मोजा. थेंब नाहीत, तर औषध चाललंय.

सापळ्यात पतंग वाढले म्हणून घाबरू नका, कमी झाले म्हणून निर्धास्तही होऊ नका

मादीच्या गंधाने नर पतंग ओढणाऱ्या कामगंध सापळ्यात सलग दोन-तीन दिवस आठ-दहा पतंग आले तर घाटेअळीसाठी सावध व्हायचं, हा नियम ठीक आहे. पण फवारणीनंतरच्या चार दिवसांतली मोजणी जपून वाचा. काळ्या कातरकिड्याच्या नर पतंगांवर फ्रान्समध्ये झालेल्या आणि २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात क्लोथियानिडिनच्या एका कमी मात्रेने नर मादीच्या गंधाकडे जास्त ओढले गेले, आणि मात्रा आणखी कमी केली तेव्हा उलटा परिणाम झाला. म्हणून नुसत्या सापळ्यावर विसंबू नका; सापळ्यासोबत ओळीतली अंडी आणि छोट्या अळ्याही मोजा.

खरंच प्रतिकारशक्ती आली आहे का: डबीतली चाचणी

वरचं सगळं तपासूनही उत्तर मिळालं नाही तर ही चाचणी करा. घरच्या घरी होते, फक्त हातमोजे घाला आणि मुलांपासून लांब करा.

न फवारलेल्या झाडाची स्वच्छ पानं घ्या. लेबलवरच्या मात्रेने एक लिटर द्रावण बनवा, तुमच्याच विहिरीच्या किंवा बोअरच्या पाण्यात. त्यात पान दहा सेकंद बुडवा, सावलीत दोरीवर सुकवा. तेवढीच पानं नुसत्या पाण्यात बुडवून तशीच सुकवा. दोन डब्या, झाकणाला छिद्रं, आत टिपकागद. प्रत्येकीत एकाच आकाराच्या लहान दहा-दहा अळ्या. लष्करी अळी आणि घाटेअळी एकमेकींना खातात, म्हणून त्या वेगवेगळ्या छोट्या डब्यांत एकेक ठेवा. २४, ४८ आणि ७२ तासांनी बघा: किती मेल्या, किती डिवचल्यावर नीट चालतात, पान किती खाल्लं, विष्ठा किती.

साध्या पाण्याच्या डबीतल्या अळ्याही मरत असतील तर चाचणी बाद, पुन्हा करा. औषधाच्या डबीत अळ्या मेल्या किंवा त्यांनी पान खाल्लंच नाही, पण शेतात त्याच औषधाने काही झालं नाही, तर दोष फवारणीत आहे: नोझल झिजलंय, ट्रॅक्टर वेगाने गेला, खालच्या बाजूला पोचलं नाही, किंवा एकरी मात्रा पाण्याच्या हिशेबात कमी पडली. डबीतल्या अळ्या पान खाऊन मजेत आहेत, तर तीच चाचणी दुसऱ्या दुकानातून, दुसऱ्या बॅचच्या बाटलीवर आणि स्वच्छ गोड्या पाण्यात करा. तिथे मेल्या तर पहिली बाटली किंवा तुमचं पाणी संशयात. तिथेही जिवंत राहिल्या तर प्रतिकारशक्तीचा संशय खरा धरा आणि तो गट थांबवा.

पाण्याचं खास सांगतो, कारण आपल्या भागातलं बोअरचं पाणी बऱ्याच ठिकाणी जड आणि अल्कधर्मी आहे. डायमेथोएट, मॅलॅथिऑनसारखी औषधं अल्कधर्मी पाण्यात लवकर विघटित होतात. सकाळी टाकी भरून ठेवून संध्याकाळी मारली तर आपणच औषध पातळ केलं. पीएचची पट्टी स्वस्त मिळते. पाणी आधी दुरुस्त करा, औषध शेवटी टाका आणि लगेच फवारा.

गट बदलणं म्हणजे नाव बदलणं नव्हे. लॅम्डा सोडून डेल्टामेथ्रिन घेतलं तर गट तोच राहिला. दोन औषधांच्या तयार मिश्रणात दोन्ही गट मोजायचे. आणि बदल फवारणीगणिक नको, किडीच्या पिढीगणिक हवा: एका पिढीवर एक गट, पुढच्या पिढीवर तो पुन्हा नको.

दोन गोष्टी ज्यांवर तडजोड नको

डाळिंबाच्या फुलोऱ्यात मधमाश्या लागतात. २०१२ मध्ये फ्रान्समधल्या संशोधकांनी मधमाश्यांच्या पाठीवर बारीक इलेक्ट्रॉनिक टॅग लावून दाखवलं की थायामेथोक्झामची मारक नसलेली मात्रा घेतलेल्या माश्यांपैकी बऱ्याच पोळ्यापर्यंत परत पोचत नाहीत. त्या बागेत मरून पडलेल्या दिसत नाहीत, म्हणून आपल्याला पत्ताही लागत नाही. फळांचं सेटिंग कमी झालं की आपण संजीवकं शोधतो. परजीवी गांधीलमाश्यांचंही तसंच आहे. थोड्या मात्रेने त्यांची यजमान किडीचा वास ओळखण्याची क्षमता बिघडू शकते. फुलोऱ्यात फवारणी टाळता येत नसेल तर मधमाश्यांना कमी धोक्याचं औषध निवडा आणि अंधार पडताना मारा.

दुसरी गोष्ट माणसांची. रिझल्ट नाही म्हणून दुप्पट डोस आणि तीन-चार औषधांचं मिश्रण करायची रीत पडली आहे. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीतून विषबाधा होऊन माणसं दगावली. फवारणारा बहुधा मजूर असतो, त्याच्याकडे मास्क नसतो आणि औषध कोणतं आहे हेही त्याला सांगितलेलं नसतं. त्याला हातमोजे, मास्क, चष्मा आणि बाटलीचं नाव द्या. वाऱ्याच्या विरुद्ध दिशेला चालू देऊ नका.

चाचणीतून प्रतिकारशक्तीचा संशय पक्का झाला तर नमुना घेऊन जा. डाळिंबासाठी केगावचं राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र आहे, इतर पिकांसाठी मोहोळचं कृषी विज्ञान केंद्र. जिवंत कीड पानासकट, छिद्राच्या डबीत, सावलीतून न्या. बंद प्लास्टिकच्या पिशवीत ती वाटेतच गुदमरते आणि मग कशाने मेली हे कोणालाच सांगता येत नाही. सोबत या हंगामातल्या फवारण्यांच्या तारखा, औषधांचे गट, वापरलेलं पाणी आणि बाटलीचा बॅच क्रमांक कागदावर लिहून घ्या, आणि डबीच्या चाचणीत २४, ४८, ७२ तासांनी काय दिसलं तेही त्याच कागदावर असू द्या.